डावीकडून घुसणारे

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. मारेगाव

ही डायरी सुनेनं दिली. म्हणाली, "बाबा, राग आला का याच्यात लिहत जा. घरात कायले काढता?" समीक्षा तोंडावर बोलते, म्हणूनच मला ती आवडते. आज मात्र तिचाही राग आला. तरी लिहितो, कारण ऐकायला दुसरं कोणी नाही. संघदीप पुण्याला कंपनीत. बापाचा फोन त्याला नेहमी कामाच्या मध्येच येतो.

आज दिवाळीनंतर शाळा उघडली. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालो तेव्हा घरी बसून राहणं जमेना, म्हणून ही व्हॅन घेतली आणि खेड्यांतल्या पोरी मारेगावच्या शाळेत आणायचं काम धरलं. जूनपासून बरं चाललं आहे. पण सकाळी दाराशीच पोरींचं भांडण. सगळ्यांना उजवीकडच्या खिडकीशी बसायचं. डावीकडं जायला एकही तयार नाही.

"तिकडं काय काटे लावले का?" मी ओरडलो.

निकिता नावाची दहावीतली पोरगी आहे, सगळ्यांत मोठी आणि शहाणी. ती म्हणाली, "काटेच लागतात काकाजी. बाभळीच्या फांद्या आत येतात."

"मंग काच लाव."

ती गपचूप डावीकडं बसली. बाकीच्या एकमेकींना चिकटून उजवीकडं. हल्लीच्या पोरींना शेंगदाण्याच्या टरफलाएवढा त्रास सोसत नाही.

रस्ताही आखडला आहे. उभी नोकरी याच रस्त्यांवर झाली. तेव्हा बस जाऊन वर सायकलवाला जाईल एवढी जागा उरायची. आता व्हॅनला पुरत नाही. ठेकेदारानं कडा खाल्ल्या, बाभळी कोणी तोडत नाही, आणि लिहून द्यायला गेलं तर साहेब जागेवर नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कापसाची मॅटाडोर. कापूस भरणाऱ्यांना कोणी सांगतं का, की गाडीलाही रुंदी असते? दोन्ही अंगांनी पोतं फुगावं तसा कापूस बाहेर, त्यावर दोर आवळलेला. रस्त्याच्या कडेला उभी केली होती आणि ड्रायव्हर खुशाल टपरीवर. मी बाजूनं निघालो, तर तिचा मागचा आकडा माझ्या दारावर लांब ओरखडा काढून गेला. उतरून त्या ड्रायव्हरला अशा शिव्या दिल्या की टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

तो ड्रायव्हर म्हणतो, "माही गाडी तं उभी होती, काका."

उभी होती म्हणजे काय? चुकीच्या जागी उभी होती!

संध्याकाळी रहेमानकडं गाडी नेली. बसस्टँडमागं त्याचं गॅरेज आहे. एसटीत होतो तेव्हापासूनची ओळख. त्यानं दारावरून हात फिरवला, मग गाडीला चक्कर मारून पलीकडं गेला, परत आला.

"भीमराजभाऊ, सगळा मार एकाच साइडले काहून?"

"तिकूनच घुसतात ना हरामखोर."

त्यानं हातोडी उचलली. पत्रा ठोकत राहिला. मग उगाच म्हणाला, "तुमची गाडी कधी माह्याकडं येत नव्हती. लोकाइले सांगत होतो मी." त्याला काय म्हणायचं होतं कोण जाणे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बकऱ्या. पुन्हा डावीकडून. राखणारा म्हातारा काठी हवेत धरून तसाच उभा, दगडासारखा. मीच ब्रेक मारला म्हणून वाचल्या. पोरी किंचाळल्या नसत्या तर तेवढाही वेळ मिळाला नसता, हे मान्य. पण जनावरं रस्त्यावर सोडायची आणि मग ड्रायव्हरकडं डोळे वटारून पाहायचं, ही कुठली रीत?

रविवार, २३ नोव्हेंबर

समीक्षाला गाडी शिकवतो आहे. कच्चं लायसन्स निघालं. आधी बंद पडलेल्या कापूस जिनिंगच्या आवारात, आज पहिल्यांदा रस्त्यावर.

पुढं बैलगाडी चालली होती. समीक्षानं तिला एवढी जागा सोडली की मधून लग्नाची वरात गेली असती. मी हसलो नाही. शाबास म्हटलं. हीच गोष्ट कोणाला शिकवता येत नाही. मी तिला सांगितलं, "पुढचं सगळ्याइले दिसते. बाजूचं ज्याले दिसते तो ड्रायव्हर. उभ्या गाडीजवळून जाताना समज, तिचं दार आता उघडते. सायकलवाला लडखडते, बैल मान फेकते. त्याची चूक असो का नसो, त्याची जागा त्याले देऊन टाकाची."

"हो बाबा."

परत येताना मी चालवत होतो. मजेत येत होतो, तर ती एकदम ओरडली, "बाबा, डावीकडं! पुलाचा कठडा!" आणि दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"दिसून राह्यलं मले!"

तिच्या ओरडण्यानंच माझा हात हलला आणि आरसा कठड्याला घासला. चालवणाऱ्याशेजारी बसून ओरडायचं नसतं, हे मी एसटीत नवीन कंडक्टरला पहिल्या दिवशी सांगायचो. हिलाही सांगितलं, जरा कडकच. घर येईपर्यंत ती माझ्याकडं पाहत होती. रस्त्याकडं नाही, माझ्याकडं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

संघदीपची आई हल्ली चहा, ताट, पाण्याचा गडवा, सगळं माझ्या उजव्या हाताला आणून ठेवते. का म्हणून विचारलं तर म्हणते, "तिकडं ठेवलं का सांडते जी." सांडते! मी काय पाळण्यातला आहे? बाजारातही माझ्या डाव्या अंगाला येऊन दंड धरून चालते. लग्नाला एवढी वर्षं झाली, कधी हात धरला नाही आणि आता भर बाजारात धरते. लोक पाहत होते. मी हात सोडवून घेतला.

मंगळवार, २ डिसेंबर

आजच लिहून ठेवतो. उद्या ज्याला जे बोलायचं ते बोलेल.

सकाळी उन्हं स्वच्छ होती. धुकं नव्हतं, घाई नव्हती. व्हॅन पोरींनी भरलेली. कोलामांच्या पोडाच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीच्या, फाट्याजवळ समोरून कोळशाचा ट्रक आला. मी त्याला उजवीकडं भरपूर जागा दिली, व्हॅन थोडी डावीकडं घेतली. कोणीही ड्रायव्हर हेच करील. तेवढ्यात डावीकडून धप्प असा आवाज आला आणि आरसा दुमडला. मला वाटलं, फांदी.

पोरी किंचाळायला लागल्या. मी म्हटलं, गप बसा. निकितानं मागून माझा शर्ट ओढला. "काकाजी थांबा! बाई पडली, बाई!"

थांबलो. मागं पाहिलं तर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बसली होती. उजवा हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या हातानं धरून. तिच्याभोवती बोरं सांडली होती, बाजारात विकायला निघाली असणार. ती रडत नव्हती. मी धावत गेलो, आणि खरं सांगतो, आधी भीती वाटली, मग तिला जिवंत पाहून जो राग आला, तो आवरला नाही.

"रस्त्यात कायले उभी राह्यली वं बाई?"

"रस्त्यात?" ती म्हणाली. "पाय पाह्य माहे."

पाय गवतात होते. तोवर सरकली असेल.

"म्या हात केलता, थांब म्हणून," ती म्हणाली. "तू माह्याकडंच पाहून राह्यलता. मले वाटलं, थांबते."

"खोटं नोको बोलू! पाह्यलं असतं तं थांबलो नसतो का?"

ती नुसतं पाहत राहिली.

तिला व्हॅनमध्ये घेऊन सरकारी दवाखान्यात नेलं. कोपराखालचं हाड मोडलं आहे. सुखीबाई नाव. तिचा मुलगा बादल दवाखान्यात आला आणि सगळ्यांसमोर माझी कॉलर धरली. मीही त्याची धरली. नर्सनं दोघांना बाहेर काढलं. त्यानं ठाण्यात तक्रार दिली. मला बोलावलं. मी बयाण लिहून दिलं, की बाई अचानक रस्त्यात आली. सही केली. माझ्या हातून आजवर कोणाला खरचटलं नव्हतं, आणि आज एक कोलामीण बाई आणि तिचा पोरगा मला गुन्हेगार ठरवतात.

जेवलो नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

काल व्हॅन घेऊन गेलो तर प्रत्येक गावात फाट्यावर कोणी नाही. रिकामी गाडी फिरवून आणली. आज निकिताच्या घरी गेलो. तिचा बाप गोपाल अंगणात तुरीच्या शेंगा वाळवत होता. मला बस म्हणाला नाही.

"पोरगी येत नाही म्हणते भाऊ. मी काय करू?"

"काहून येत नाही? कोणी भरवलं तिच्या डोक्यात?"

निकिता आतून आली. शाळेच्या ड्रेसवर होती, म्हणजे दुसऱ्या कशानं तरी जाणार होती. हळू बोलली, पण एकेक शब्द स्पष्ट.

"काकाजी, मी डावीकडंच बसलती. ते बाई मले लांबूनच दिसली. हात करून राह्यलती. मी वाट पाहून राह्यलती, का तुमी आता गाडी तिकून काढसान. तुमी काढलीच नाही. तुमाले ते दिसलीच नाही काकाजी."

मी त्या पोरीवर ओरडलो. काय बोललो ते लिहीत नाही. गोपाल उठून मध्ये आला. "घरी जा भाऊ," म्हणाला. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं.

सगळे एक झाले आहेत. घरी येऊन संघदीपच्या आईवर राग काढला. तिनं ऐकून घेतलं आणि चहा आणून ठेवला. उजवीकडं.

गुरुवार, ११ डिसेंबर

यवतमाळला जाऊन आलो, डोळ्याच्या डॉक्टरकडं. मला गरज नव्हती. पण समीक्षा म्हणाली, "डोळे चांगले हायेत असा दाखला असला तं ठाण्यात तुमचीच बाजू भक्कम होते बाबा." मुद्दा पटला. म्हटलं, चल, एकदाच सगळ्यांची तोंडं बंद करू.

भिंतीवरची अक्षरं मी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. समीक्षाकडं पाहिलं. म्हटलं, आता बोल.

मग डॉक्टरनं माझा उजवा डोळा माझ्याच तळहातानं झाकायला लावला. समोर बसला. "माझ्या नाकाकडं पाहा. बाजूनं बोट आणतो. दिसलं की सांगा."

मी पाहत बसलो. नाक दिसत होतं, नाकावरचा चष्म्याचा डाग दिसत होता. हा माणूस काहीच करेना.

"आणा तं खरं बोट," मी म्हटलं.

"आणलंय."

"कुठं?"

बाजूच्या स्टुलावर समीक्षा बसली होती, तिनं ओढणी तोंडाला लावली आणि रडायला लागली. मला काही कळेना. म्हटलं, हा तुझ्यासमोर तुझ्या सासऱ्याला वेड्यात काढून राह्यला आणि तू रडतेस?

नंतर एका मशीनमध्ये तोंड घालायला लावलं. आत ठिपके चमकतात, चमकले की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी मशीन बरं चाललं. डाव्याच्या वेळी बंद पडलं, मधले एकदोन ठिपके सोडून काही नाही. मी बाहेर येऊन तसं सांगितलं. मशीनवरची मुलगी म्हणाली, "काका, मशीन चालू होतं."

काचबिंदू म्हणे. डावा डोळा जवळजवळ गेला आहे, उजव्याचीही डावीकडची कड जायला लागली आहे. जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं राखायला रोज थेंब. "गाडी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाला. जशी गाडी त्याच्या बापाची.

डोळा गेला आणि मला कळलं नाही, असं कधी होतं का? ना दुखलं, ना लाल झाला. मशीनचे पैसे वसूल करायला असले रोग काढतात. येताना एसटीत समीक्षापासून दूरच्या सीटवर बसलो.

रविवार, १४ डिसेंबर

आज डॉक्टरला खोटं पाडायचं ठरवलं होतं.

समीक्षा बाहेर गेली होती. संघदीपची आई अंगणात व्हॅनशेजारी पोत्यावर बसून सांभाराची हिरवी जुडी निवडत होती. मी दारात उभा राहिलो. उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि व्हॅनच्या नंबर प्लेटकडं पाहिलं. नंबर स्वच्छ वाचता आला. म्हटलं, हा घ्या. कुठं गेला डोळा?

मग लक्षात आलं की अंगणात बाई नाही.

हात काढला. ती तिथंच होती. काड्या मोडत होती. पुन्हा हात ठेवला, नंबर प्लेटवर नजर ठेवली. पुन्हा नाही.

"तू उठली होती का?"

"नाई जी. काहून?"

आणखी एकदा केलं. आणखी किती वेळा केलं, आठवत नाही.

मला वाटायचं, आंधळं म्हणजे काळं दिसत असेल. काळं दिसलं असतं तर मला कळलं असतं. तिथं काळं काहीच नव्हतं. भिंत होती, जमीन होती, एकमेकींना नीट जोडलेली, जसं तिथं कोणी बाई कधी बसलीच नव्हती. म्हणजे सुखीबाई पण. ती हात करत होती आणि माझ्या डोळ्यात तिच्या जागी गवत होतं.

मी ओरडलो. शब्द नव्हते, नुसता ओरडलो. व्हॅनच्या दाराला लाथ मारली. संघदीपची आई उठून आली, माझा हात डोळ्यावरून काढला आणि धरून ठेवला. "किती दिवसापासून जी?" तिनं विचारलं. मला सांगता आलं नाही. ते सांगता येत नाही, हेच तर आहे.

त्या गाडीत पोरी बसत होत्या.

रोज बसत होत्या. मी काच लाव म्हणायचो.

किल्ली समीक्षाच्या उशीशी नेऊन ठेवली. रागानं अजून दात दुखताहेत. डॉक्टरवर धरवत नाही, त्या मॅटाडोरवाल्यावर धरवत नाही. तक्रार करायला डोळा निदान एकदा दुखायला हवा होता.

शुक्रवार, १९ डिसेंबर

ठाण्यात जाऊन आलो. आधीचं बयाण चुकीचं आहे, बाई रस्त्यात नव्हती, मला दिसली नाही, असं नवीन लिहून घ्या म्हटलं. डॉक्टरचे कागद दिले. शिपाई म्हणाला, "काका, यानं तुमचंच वाकडं होते." म्हटलं, होऊ दे, लिहा. त्यानं खूप हळू लिहिलं. आता पुढं जे होईल ते.

त्याआधी सकाळी पोडावर गेलो होतो, ते लिहायचं आहे.

ऑटो फाट्यावर सोडला आणि पायी आत गेलो. बादल दारातच उभा. "कायले आला?" म्हणाला. मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात सुखीबाई बाहेर आली. हात गळ्यातल्या फडक्यात, प्लास्टर मळलेलं. दवाखान्यात दाखवायला निघाली होती.

"बोलू दे त्याले," ती मुलाला म्हणाली.

आणि मला बोलताच येईना. रात्रभर जे ठरवलं होतं त्यातला एक शब्द तोंडात आला नाही. थोडा वेळ तिनं वाट पाहिली. मग म्हणाली, "मले एसटी भेटाची हाये," आणि चालायला लागली. मी तिच्यासोबत निघालो. बादल मागं राहिला. सोबत नको असं ती म्हणाली नाही, ये असंही नाही.

फाट्यावरून बस थांबते तिथपर्यंत डांबरी रस्त्यानं चालावं लागतं. आम्ही उजव्या कडेनं चाललो. ती शेताकडून, मी रस्त्याकडून. मी तिच्याकडं तोंड करून शब्द जुळवत होतो. "सुखीबाई," एवढं म्हटलं, आणि तिनं एकदम डाव्या हातानं माझा शर्ट छातीशी धरून असा ओढला की मी तिच्या अंगावरच गेलो. कानाशी गरम वारा आला, धूळ आली, हॉर्न नंतर ऐकू आला. ट्रक निघून गेल्यावर दिसला, पाठमोरा.

"अंधा हाये का बे?" ती ओरडली. मग माझ्या तोंडाकडं पाहून थांबली.

"हो," मी म्हणालो. "या बाजूनं हावो."

मी डाव्या डोळ्याकडं बोट केलं. शर्ट तिनं अजून सोडला नव्हता.

"तं त्या दिवशी तुनं मले पाह्यलंच नोतं?"

"नाही."

"माह्याकडं तोंड होतं तुयं."

"तोंड होतं. तुम्ही दिसल्या नाही."

तिनं शर्ट सोडला. धूळ खाली बसली. मग म्हणाली, "म्या रोज बादलले सांगून राह्यली, का त्यानं पाहूनशान मारलं. मनात म्हणलं, एवढी का मी कचरा हाये का याच्यासाठी, का पाह्यते अन् गाडी घालते."

मला तिचा राग कळला. माझ्यापेक्षा मोठा होता आणि इतके दिवस ती तो घेऊन बसली होती, मोडक्या हातापेक्षा जास्त दुखणारा. मी माफी मागितली. तिनं ती घेतली की नाही, माहीत नाही. "चाल," एवढंच म्हणाली, "बस जाईन."

मला ढकलून तिनं शेताकडच्या बाजूला केलं आणि स्वतः रस्त्याकडून चालू लागली. म्हणजे माझ्या डावीकडून. ती मला दिसत नव्हती. फडक्यातला तिचा हात चालताना मधूनमधून माझ्या कोपराला लागत होता, त्यावरून कळत होतं की आहे.